दुधाच्या दातांचा लाकडी डबा: २० खाचा, आणि जिला खाचच नाही ती दाढ

पडलेले दुधाचे दात ठेवायचा लाकडी डबा हल्ली बऱ्याच कंपन्या काढतात, आणि सगळ्यांचा साचा साधारण एकच असतो. तळहातावर मावेल एवढा डबा, आत वरच्या-खालच्या जबड्यांच्या कमानीत कोरलेल्या २० खाचा, चुंबकावर बसणारं झाकण, एक छोटा चिमटा, आणि कुठला दात कधी पडतो हे सांगणारं घडीचं पत्रक. माझ्या जुळ्या नातवंडांना, म्हणजे एक नात आणि एक नातू, त्यांच्या आत्याने असे दोन डबे दिले. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे, त्यामुळे डब्यांचा ताबा कुणी न विचारताच माझ्याकडे आला. पहिला दात हलायला लागला तेव्हापासून आता पोरांना अकरावं लागलंय तोवरचा वापर धरून हे लिहिते आहे. वेष्टन फाडल्या फाडल्या पाच तारे देऊन मोकळं होणाऱ्यांतली मी नाही. डब्याला चार तारे, पत्रकाला एक.

आधी डब्याचं. लाकूड चांगलं आहे, कडा नीट घासलेल्या आहेत, रंग-वार्निश नसल्यामुळे वास नाही. खाचा मापाने वेगवेगळ्या आहेत, पटाशीच्या दातांना लहान, दाढांना रुंद. मुलांना ही गोष्ट फार आवडली, कारण आपल्या तोंडाचा नकाशा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. प्रत्येक जबड्यात चार पटाशीचे, दोन सुळे, चार दाढा, असे दहा आणि दहा वीस. उपदाढा यात नाहीत, कारण दुधाच्या दातांत उपदाढा नसतातच. दुधाच्या दाढा पडल्या की त्यांच्या जागी उपदाढा येतात. वर्गात हे वाक्य मी फळ्यावर लिहून, खाली रेघ मारून शिकवायचे आणि तरी परीक्षेत निम्मा वर्ग चुकायचा. डबा हातात घेतल्यावर नातवाला ते एकदाच सांगावं लागलं.

खाचांपाशी ए ते टी अशी अक्षरं कोरलेली आहेत. ही अमेरिकेत चालणारी पद्धत. मुलांच्या तोंडात वरची उजवीकडची शेवटची दाढ ए, तिथून वरच्या कमानीने डावीकडे जात जे, मग खाली उतरून के, आणि परत उजवीकडे येत टी. इथे उजवं म्हणजे मुलाचं उजवं, आपलं नाही. मूल समोर बसलं आहे असं धरून डबा बघायचा. पत्रकात हे कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय बऱ्याच दातांच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये दोन आकडी क्रमांक असतात: पहिला आकडा जबड्याच्या चार भागांपैकी कुठला ते सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात ते. दुधाच्या दातांना पहिला आकडा ५ ते ८, पक्क्यांना १ ते ४. म्हणजे डॉक्टर ७१ आणि ८१ म्हणाल्या तर ते खालचे मधले दोन दात, डब्यावरचे ओ आणि पी. बहुतेक मुलांचे हेच आधी पडतात, त्यामुळे निदान एवढी दोन अक्षरं लक्षात ठेवा.

आता झाकण. झाकण नुसतं चुंबकावर बसतं आणि आतून सपाट आहे, दात दाबून धरेल असं काही नाही. डबा उलटा झाला की सगळे दात खाचांतून निघून एकमेकांत मिसळतात. वरचे मधले दोन रुंद असतात म्हणून ओळखता येतात, दाढा तर लपतच नाहीत, पण खालचे पटाशीचे चार एकदा मिसळले की त्यांतला कुठला कुणाच्या शेजारचा हे लावत बसणं म्हणजे भरलेल्या घरात सुई शोधणं. मी झाकणाच्या आत मापाने कापलेला मऊ फोम बसवला. हे काम कारखान्यात दोन मिनिटांत झालं असतं.

आणि दोन डबे असतील तर पुढची अडचण. दोन्ही हुबेहूब सारखे, नाव लिहायला जागा कुठेच नाही. जुळ्यांच्या घरात दुसरं काय होणार? झाकणाच्या आतल्या कोऱ्या लाकडावर मी पेन्सिलीने नावं लिहिली आणि खाली छोटा तक्ता आखला: अक्षर, पडल्याची तारीख, कसा पडला. “कसा पडला” हा रकाना नातीच्या आग्रहामुळे आला. तिचा वरचा मधला एक दात जेवताना पोटात गेला. पोटात गेलेल्या दुधाच्या दाताने काही बिघडत नाही, पण ती रिकामी खाच बघून तिचा जीव कासावीस झाला. शेवटी तिथे “गिळला” असं लिहिलेली कागदाची घडी ठेवली. आता ती खाच ती सगळ्यांना आधी दाखवते.

तारीख लिहायचं हे काही माझं निवृत्त बाईंचं खूळ नाही. अमेरिकेत सेंट लुईस शहरात १९५८च्या शेवटी दुधाचे दात गोळा करायची मोठी मोहीम सुरू झाली. लुईस रीस नावाच्या डॉक्टर बाईंनी सुरुवातीची वर्षं ती चालवली. अणुचाचण्यांतून हवेत पसरणारं स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य मुलांच्या शरीरात शिरतं का, हे त्यांना बघायचं होतं. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखं वागतं, म्हणून हाडांत आणि दातांत जाऊन बसतं. दुधाच्या दातांची घडण आईच्या पोटातच सुरू होते, त्यामुळे पडलेला दात म्हणजे त्या काळाची आपोआप राहिलेली नोंद. १९७० पर्यंत तीन लाखांहून जास्त दात जमले. दातासोबत मुलाच्या जन्माची माहिती भरलेलं कार्ड यायचं, आणि त्या कार्डामुळेच दाताला अर्थ होता. चाचण्या वाढल्या तसं दातांतलं स्ट्रॉन्शियम वाढलेलं दिसलं. वातावरणातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार १९६३ मध्ये झाला, त्या आधीच्या चर्चेत या दातांचाही वाटा होता. आपल्या घरातल्या डब्यातून असं काही निघणार नाही हे मलाही कळतं. पण नाव-तारीख नसलेला दात दहा वर्षांनी कुणाचाच नसतो.

पत्रकात एक गुळगुळीत वाक्य आहे: “भविष्यातील उपचारांसाठी बाळाचे दात जपून ठेवा.” हे निव्वळ विक्रीचं बोलणं. पडलेल्या दुधाच्या दातांच्या गाभ्यात मूलपेशी, म्हणजे ज्यांपासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशी, सापडतात हे सॉन्गताओ शी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं हे खरं, पण त्या पेशी जिवंत राहायला दात ताबडतोब योग्य द्रावणात घालून प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. लाकडी खाचेत वाळलेल्या दातात जिवंत काही उरत नाही. आठवण म्हणून ठेवा, औषध म्हणून नको.

उलट पत्रकाने जे सांगायला हवं होतं ते सांगितलेलं नाही. दात डब्यात ठेवण्याआधी धुवायचा असतो. पडलेला दात उलटा करून बघा. खाली मूळ नसतं. एक खोलगट वाटी असते, तिच्या कडा खरखरीत, कुरतडल्यासारख्या, आणि आत थोडा गुलाबी मऊ भाग चिकटलेला असतो. तो तसाच ठेवून झाकण लावलं तर वास मारतो. मऊ ब्रशने साबणाच्या पाण्यात घासायचा, सावलीत नीट वाळवायचा, मगच आत. उन्हात किंवा गरम हवेवर वाळवू नका, तडे जातात.

ही वाटी बघून नातवाने विचारलं, “आजी, याचं मूळ आत तुटून राहिलं का?” प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि अनेक मोठ्या माणसांनाही तसंच वाटतं. मूळ तुटत नाही. खालून पक्का दात वर सरकायला लागला की शरीरातल्या खास पेशी दुधाच्या दाताचं मूळ टोकाकडून विरघळवत आणतात. हे काम महिनोन्महिने चालतं, मध्ये थांबतं, परत सुरू होतं. म्हणून दात कधी खूप हलतो आणि आठवडाभराने पुन्हा घट्ट झाल्यासारखा वाटतो. सगळं मूळ गेलं की दात नुसत्या हिरडीच्या आधाराने लोंबतो आणि जिभेच्या ढकलण्याने पडतो. सोबत दिलेल्या चिमट्याचं इथे काहीही काम नाही. आमच्याकडे तो पहिल्याच दिवशी माळ्यावर गेला, कारण नातवाने तो सरळ तोंडाकडे नेला होता.

मूळ असलेला दात कसा दिसतो तेही आम्हाला बघायला मिळालं. नातवाची खालची डावी पहिली दाढ, ७४ म्हणजे डब्यातली एल, किडीने इतकी पोखरली होती की सातव्या वर्षी डॉक्टरांना काढावी लागली. ती हातात आली तेव्हा तिला दोन लांब मुळं होती, चिमट्याच्या पायांसारखी फाकलेली. दुधाच्या दाढांची मुळं अशीच फाकलेली असतात, कारण त्यांच्या बेचक्यात पुढे येणाऱ्या उपदाढेचा अंकुर बसलेला असतो. एलच्या खाचेत ती दाढ काही मावेना. खाचा नुसत्या माथ्याच्या मापाने कोरल्या आहेत, काढलेल्या दाताचा विचारच नाही. सध्या ती वेगळ्या काचेच्या कुपीत आहे आणि सगळ्या संग्रहात माझी सर्वांत आवडती वस्तू तीच आहे.

त्या निमित्ताने डॉक्टरांनी मागच्या दाढेला पट्टी आणि पुढे तारेचा फास बसवला. दुधाची दाढ वेळेआधी गेली की शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात, मग उपदाढेला वर यायला जागा उरत नाही. “दुधाचाच दात आहे, पडणारच आहे” असं म्हणून किडीकडे काणाडोळा करणाऱ्यांसाठी पत्रकात दोन ओळी असायला हव्या होत्या. पुढचे दात सहा-सात वर्षांचे झाल्यावर जातात, पण मागच्या दुधाच्या दाढांना दहा ते बारा वर्षांपर्यंत चावायचं असतं.

वयांचा तक्ता तसा ठीक आहे. मधले पटाशीचे ६ ते ७, बाजूचे ७ ते ८, पहिल्या दाढा ९ ते ११, खालचे सुळे ९ ते १२, वरचे सुळे आणि दुसऱ्या दाढा १० ते १२. मात्र तो असा छापलाय की ठरल्या वर्षी दात पडलाच पाहिजे असं मुलांना वाटतं. आमची नात भावाच्या कितीतरी पुढे होती आणि तो रोज रात्री आरशासमोर स्वतःचे घट्ट दात हलवून बघायचा. मुलींचे दात साधारणपणे थोडे आधी पडतात, आणि ज्याचे दात बाळपणी उशिरा आले त्याचे उशिराच पडतात. एवढं लिहिलं असतं तर एका पोराची झोप वाचली असती. आठ वर्षं होऊनही एकही दात हलला नाही तर डॉक्टरांना दाखवावं, तोवर आरशाला विश्रांती द्यावी.

दुसरं म्हणजे मधली सुट्टी. समोरचे आठ दात पडून झाले की पुढे वर्ष-दीड वर्ष काहीच पडत नाही. हे अगदी नेहमीचं आहे. पत्रकात याचा उल्लेख नाही, त्यामुळे या काळात डबा फडताळात धूळ खातो आणि कुणीतरी “पुढचे दात अडकले की काय” म्हणून उगाच धसका घेतं.

आमच्या सूनबाईंनी धसका घेतला तो त्याआधीच. नातीचा खालचा मधला दात नुसता डुगडुगत होता आणि त्याच्या मागे, जिभेच्या बाजूला, पक्क्या दाताचं टोक बाहेर आलं. तोंडात दोन रांगा! हेही खूप मुलांमध्ये होतं. खालचे पक्के पटाशीचे दात मुळातच मागच्या बाजूला वाढत असतात. पुढचा पडला की जीभ नव्याला हळूहळू पुढे लोटते. आमच्याकडे तसंच झालं. पुढचा दात हलतच नसेल आणि दोनेक महिने तसाच राहिला तर दाखवून घ्यावं.

मग वरचे नवे आले. पिवळसर, कडेला करवतीसारखे दाते, मध्ये भली मोठी फट. “आई, हिची पेस्ट बदलू का?” सूनबाईंनी मला हळूच विचारलं. काही बदलू नको म्हटलं. पक्क्या दातात डेंटिन, म्हणजे वरच्या कठीण पांढऱ्या आवरणाखालचा थर, जास्त आणि ते पिवळं असतं. शेजारी दुधाचे पांढरेशुभ्र उभे असतात म्हणून फरक डोळ्यात भरतो. कडेचे दाते चावून चावून झिजतात. फट बहुतेक वेळा सुळे खाली उतरले की आपोआप मिटते, म्हणजे बाराव्या वर्षापर्यंत कळ काढायची. नातीची निम्मी मिटली आहे.

आता पत्रकाला एकच तारा का, ते.

पक्के दात ३२, दुधाचे २०. उरलेल्या १२ दाढा कुणाच्या जागी येत नाहीत, त्या मागे नव्या जागेत उगवतात. त्यांतल्या पहिल्या चार सहाव्या वर्षाच्या आसपास येतात, पुष्कळदा पहिला दात पडायच्याही आधी. त्यांच्यासाठी काही पडत नाही, रक्त येत नाही, फोटो निघत नाही, आणि या डब्यात त्यांना खाचही नाही. त्यामुळे घरात कुणाला पत्ताच नसतो. ज्यांना दिसतात ते दुधाचीच दाढ समजतात. आणि चावण्याचा सगळ्यात मोठा भार पुढे आयुष्यभर याच दाढांवर असतो. त्या वर येत असताना शेजारच्या दाढेपेक्षा खाली असतात, त्यामुळे ब्रश वरून सरकून जातो. माथ्यावर खोल भेगा, भेगांत अन्न, आणि बघता बघता कीड. या भेगा बुजवून घेता येतात. डॉक्टर त्यात पातळ लेप भरतात, सुई नाही, दुखणं नाही. आमच्या दोघांच्या भरून घेतल्या. डबा बघणाऱ्या प्रत्येक आईबापाला वाटतं की मुलाच्या तोंडात काय चाललंय ते सगळं यात आहे, आणि नेमकं ज्याकडे लक्ष द्यायचं तेच यात नाही.

त्याहून गंभीर एक ओळ शेवटी आहे: “पडलेला दात लगेच डब्यात ठेवा.” सात-आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडात दोन्ही प्रकारचे दात असतात. खेळताना आपटून दात निखळला आणि तो पक्का असेल, म्हणजे मोठा, लांब सबंध मूळ असलेला, तर तो डब्यात नाही, डॉक्टरांकडे जायला हवा, आणि तोही तासाच्या आत. माथ्याकडून धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही. मळला असेल तर हलकेच खंगाळून जागच्या जागी बसवायचा. ते जमत नसेल तर दुधात घालून न्यायचा. कोरडा पडला तर वाचत नाही. दुधाचा दात आपटून निखळला तर मात्र तो परत बसवायचा नाही, खालच्या अंकुराला इजा होते. तो दात हवा तर खुशाल डब्यात ठेवा, पण मुलाला डॉक्टरांना दाखवाच.

मग डबा घ्यावा का? घ्यावा. पोरं आनंदाने तोंड उघडून दाखवतात, आणि दर वेळी आत डोकावताना मागच्या दाढाही बघून होतात. आमच्या दोघांच्या पहिल्या पक्क्या दाढा मला दिसल्या त्या अशाच, ओ आणि पी हलतायत का ते बघताना. घेताना झाकण मळसूत्राचं किंवा सरकतं असेल तर तेच घ्या, चुंबकाचं नको. दोन मुलं असतील तर वेगळ्या लाकडाचे दोन घ्या. सगळ्या खाचा भरतीलच असं धरून चालू नका. काही मुलांमध्ये खालच्या दुसऱ्या उपदाढेचा अंकुरच नसतो, आणि तिच्यावरची दुधाची दाढ मोठेपणीही तशीच टिकते.

कंपनीने पुढचा डबा काढलाच तर चिमटा काढून टाकावा, झाकणात तारखांचा तक्ता कोरावा, आणि दोन्ही कमानींच्या चार टोकांना, जिथे आत्ता नुसतं सपाट लाकूड आहे, तिथे चार ठिपके देऊन शेजारी लिहावं: “इथे काही पडणार नाही. सहाव्या वर्षी इथे बघा.”